हशा कुठे पिकला

१९०७ साली लंडनमध्ये एका जुन्या प्रहसनावर बंदी आली. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडगोळीचं ‘द मिकाडो’ तेव्हा बावीस वर्षांचं झालं होतं. नावं जपानी, कपडे जपानी, पण टिंगल सगळी इंग्लिश साहेबाची. त्यातला एक महाभाग तर सरकारातली जवळजवळ सगळी पदं एकटा सांभाळतो आणि एका पदाच्या नात्याने दिलेला सल्ला दुसऱ्या पदाच्या नात्याने खोडून काढतो. त्या वर्षी जपानचे राजपुत्र फुशिमी सरकारी पाहुणे म्हणून यायचे होते. दोनच वर्षांपूर्वी जपानने रशियाला धूळ चारली होती आणि ब्रिटनशी त्याचा मैत्रीचा तह होता. पाहुण्याची मर्जी मोडू नये म्हणून लॉर्ड चेम्बरलेनने ‘मिकाडो’चे प्रयोग काही आठवडे थांबवले. हा लॉर्ड चेम्बरलेन म्हणजे राजवाड्याचा कारभारी. देशातलं प्रत्येक नवं नाटक वाचून त्याला परवाना देणं हेही तेव्हा त्याच्याच कचेरीचं काम होतं.

त्याच १९०७ मध्ये महाराष्ट्रात खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. पुढची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, कीचक म्हणजे कर्झन, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल. १९१० मध्ये सरकारने नाटक बंद पाडलं. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’मधल्या व्हॅलेंटाइन चिरोलचं ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक निघालं आणि त्यात या नाटकाची दखल होती. हा तोच चिरोल, ज्याच्यावर टिळकांनी पुढे विलायतेत बदनामीचा दावा लावला आणि हरले. माणूस पूर्वग्रहाचा खरा, पण नाटकगृहातली त्याची नजर पक्की होती. कर्झनचं नाव संहितेत कुठे नाही, रंगमंचावर कोणी उच्चारत नाही, तरी आत बसलेल्या प्रत्येकाला कीचक कोण ते ठाऊक असतं, असं त्याने नोंदवून ठेवलंय. मंचाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

चिरोलचं बाकी काही घेण्यासारखं नसलं तरी ही एक सवय मी त्याच्याकडून घेतली आहे. लोकप्रिय संस्कृती हा समाजाचा आरसा असतो असं आपण सगळे सहज म्हणून जातो. मीही कित्येकदा म्हटलंय. पण गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतली ब्रिटिश गाणी, नाटकं, चित्रपट आणि मालिका जरा चिकाटीने पाहिल्या की ही उपमा अपुरी वाटायला लागते. आरशात काय दिसायला हवं याची मुभा कोणीतरी देतं किंवा नाकारतं. दिसल्यावर कोणी हसतं, कोणी चिडतं, कोणी बटण बंद करून जेवायला बसतं. राजकारण खरं तिथे असतं. म्हणून या पुस्तकात कलाकृतींपेक्षा त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांवर माझा भर जास्त आहे. परवाना देणारा कारकून, पिटात ओरडणारा गडी, सोफ्यावर बसून खिदळणारं कुटुंब, सगळे त्यात आले.

आपल्याकडे इंग्लंडचे दोन नमुने ओळखीचे. एक राजवटीचं इंग्लंड, ज्यात कर्झन, चेम्सफर्ड, डायर असतात आणि जे शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं जातं. दुसरं वुडहाउसचं, जिथे कायम उन्हाळ्याची सुट्टी असते आणि बटलर धन्यापेक्षा हुशार असतो. या दोन्हींत रॉचडेलच्या गिरणीत साचे चालवणारी बाई नाही, कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यातून घरी बसवलेला पोरगा नाही, लेस्टरला किराणा विकणारा, युगांडातून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला गुजराती नाही. ही माणसं सापडतात ती म्युझिक हॉलच्या गाण्यांत, मालिकांत, रेकॉर्डच्या कव्हरांवर आणि फुटबॉलच्या स्टँडमध्ये.

एक अडचण शब्दाची. ‘लोकसंस्कृती’ म्हटलं की दुर्गाबाई आणि ढेरे डोळ्यांपुढे येतात, ओव्या, दैवतं, जत्रा येतात. ‘लोकप्रिय’ म्हटलं की समीक्षकाची एक भुवई वर जाते. मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘करमणूक’ हा साधा शब्द. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं तेव्हा त्याचं नावच ‘करमणूक’ ठेवलं, आणि तिच्या मिषाने लोकांना शहाणं करायचा त्यांचा मनसुबा काही लपून राहिला नाही. पुढे बीबीसीच्या जॉन रीथ यांनी माहिती, शिक्षण आणि करमणूक अशी त्रिसूत्री सांगितली. करमणूक शेवटी ठेवली, हे विसरू नये. लोकांना काय हवं ते देण्यापेक्षा काय हवं असायला पाहिजे ते द्यावं, असं मानणारा हा कडक स्कॉटिश गृहस्थ. ब्रिटनच्या करमणुकीचा निम्मा इतिहास म्हणजे रीथची शिस्त आणि तिला वेळोवेळी दिलेला गुंगारा.

गुंगाऱ्याची परंपरा रीथच्याही आधीची. १८५२ मध्ये चार्ल्स मॉर्टन नावाच्या दारूगुत्तेवाल्याने लंडनच्या लॅम्बेथ भागात कॅन्टरबरी हॉल बांधला. टेबलावर बियर, समोर गाणं, हवेत तंबाखूचा धूर. म्युझिक हॉलची ही सुरुवात मानतात. अशाच एका हॉलने इंग्रजी भाषेला एक राजकीय शब्द दिला. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धात ब्रिटनने उडी घ्यावी की नाही यावर देश पेटलेला असताना मॅकडरमॉट नावाचा गायक एक युद्धखोर गाणं गाऊन रोज टाळ्या घेत होता. त्यातल्या ‘जिंगो’ या निरर्थक शब्दावरून ‘जिंगोइझम’ आला. युद्धाला विरोध करणाऱ्या ग्लॅडस्टन यांच्या घराच्या काचा त्याच सुमारास फुटल्या. इतकं सांगून इतिहासकार सहसा थांबतात आणि कामगारवर्ग साम्राज्याच्या नादाने कसा खुळावला होता असा निष्कर्ष काढतात. पण त्याच दिवसांत हर्बर्ट कॅम्पबेल नावाच्या विनोदी नटाने त्या गाण्याचं विडंबन केलं, लढाईला न जाता घरी बसायची इच्छा असलेल्या माणसाच्या बाजूने, आणि तेही गाजलं. बियरचे पेले दोन्ही गाण्यांना आपटले गेले. त्या गर्दीचं मत विचाराल तर मी सांगू शकणार नाही. गर्दीला मत एकच असतं हे गृहीतच मला पटत नाही.

१९०७ ची अजून एक आठवण आहे. त्या जानेवारीत म्युझिक हॉलच्या कलावंतांनी संप केला. मालकांनी खेळ वाढवले होते, मजुरी नव्हती वाढवली. मारी लॉइड ही त्या काळातली सर्वांत लाडकी गायिका. तिला पैशांची ददात नव्हती, तरी ती छोट्या कलावंतांसाठी थिएटरच्या दारात उभी राहिली. तिच्या गाण्यांतले शब्द सोवळे असत, तिची भुवई नव्हे. साधी ओळ ती अशा काही नजरेने म्हणायची की सेन्सॉरच्या हाती लागण्यासारखं काही उरत नसे. आपल्याकडच्या लावणीच्या फडात बसलेल्याला ही कला समजावून सांगावी लागणार नाही. १९१२ मध्ये राजेसाहेबांपुढे म्युझिक हॉलचा पहिला खास खेळ झाला, त्यात मारी लॉइडला बोलावणं नव्हतं. करमणूक प्रतिष्ठित होत असताना तिच्यातलं काय दाराबाहेर ठेवलं जातं, याचा हा नमुना. ती १९२२ मध्ये गेली तेव्हा टी. एस. एलियटसारख्या कवीने तिच्यावर मृत्युलेख लिहिला. त्याच वर्षी बीबीसी सुरू झाली.

चित्रपटाची भीती सत्तेला नाटकापेक्षा जास्त वाटली, कारण चित्रपट गरीब बघत. ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्स १९१२ मध्ये स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष टी. पी. ओ’कॉनर यांनी वर्ज्य विषयांची ४३ कलमी यादी केली. त्यात भांडवल आणि मजुरी यांचे संबंध होते, आणि हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी वाईट दिसतील असे विषयही होते. गंमत म्हणजे ओ’कॉनर स्वतः आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे खासदार! आयर्लंडच्या स्वराज्यासाठी पार्लमेंटात भांडणारा माणूस हिंदुस्थानातल्या साहेबाची अब्रू पडद्यावर राखत होता. यावर मी अधिक टीका करत नाही, कारण अशी माणसं आपल्याकडेही कमी नाहीत.

या यादीचा अर्थ एका कादंबरीच्या नशिबातून समजतो. सॅल्फर्डच्या वॉल्टर ग्रीनवुडने १९३३ मध्ये ‘लव्ह ऑन द डोल’ लिहिली. बेकारी, सरकारी भत्ता, आणि घर चालावं म्हणून एका पैसेवाल्याकडे जाऊन राहणारी मुलगी. कादंबरी खपली. तिचं नाटक झालं, तेही लंडनपर्यंत धावलं. पण १९३६ मध्ये चित्रपटासाठी संहिता गेली तेव्हा सेन्सॉरने नकार दिला. म्हणजे ग्रंथालयात चालेल, स्टॉलच्या खुर्चीत चालेल, पण सहा पेनी टाकून आत येणाऱ्या बेकार माणसाने स्वतःचीच गोष्ट अंधारात शेजाऱ्यांसोबत पाहायची नाही. चित्रपट निघाला तो १९४१ मध्ये. तेव्हा बेकारी उरली नव्हती. युद्ध चालू होतं, आणि ते दिवस पुन्हा येणार नाहीत असं लोकांना सांगण्याची गरज सरकारलाच वाटत होती.

मधल्या काळात बेकारांना पडद्यावर काय मिळालं? ग्रेसी फील्ड्स. ही रॉचडेलची. लहानपणी शाळा सांभाळून गिरणीत काम केलेली, आवाज खणखणीत, बोली पक्की लँकेशायरची. १९३४ चा तिचा ‘सिंग अ‍ॅज वी गो’ गिरणीला टाळं लागण्यापासून सुरू होतो आणि गिरणी उघडून संपतो. कथा जे. बी. प्रीस्टली यांची. मधल्या वेळात ग्रेसी ब्लॅकपूलच्या चौपाटीवर मिळेल ते काम करते आणि गाते. गिरणी का बंद पडली, याबद्दल चित्रपट फारसा बोलत नाही. त्याच्या कारणांतलं एक मोठं कारण मुंबईत होतं. लँकेशायरचं कापड ज्या बाजारावर जगत होतं तो बाजार आपल्या गिरण्यांनी आणि स्वदेशीने खाल्ला होता. १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरच्या डार्वेनला गेले तेव्हा तिथल्या गिरणी कामगारांनी, ज्यांच्या पोटावर त्यांच्या बहिष्काराने पाय आला होता, त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. ग्रेसीचा चित्रपट आणि तो फोटो शेजारी ठेवले तर गोष्ट पुरी होते.

१९३८ मध्ये झोल्टन कोर्डाचा ‘द ड्रम’ आला. वायव्य सरहद्द, क्रूर पठाण, इमानी राजपुत्र आणि त्या राजपुत्राच्या भूमिकेत म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू. लंडनला टाळ्या पडल्या. मुंबईत त्याच्याविरुद्ध निदर्शनं झाली आणि चित्रपट उतरवावा लागला. रीळ तेच, प्रेक्षक वेगळे.

युद्धाच्या वर्षांवर पुस्तकात फार पानं नाहीत. त्या काळावर इतकं लिहिलं गेलंय, आणि ब्रिटनने स्वतःवर इतके चित्रपट काढलेत, की भर घालण्यासारखं थोडं होतं. एकच प्रसंग सांगतो. १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. त्याची उत्तरेकडची बोली जर्मन तोतयांना सहज उचलता येणार नाही, असा एक हिशेब होता. पण तक्रारी आल्या, आणि त्या दक्षिणेतूनच आल्या असं नाही. आपल्यासारखं बोलणाऱ्याच्या तोंडून आलेली बातमी खरी असेल का, अशी शंका उत्तरेतल्या काहींनाही आली. आवाज कोणाचा, यावरून शब्दाचं वजन ठरणं हे ब्रिटिश वर्गव्यवस्थेचं मर्म आहे. शॉने ‘पिग्मॅलियन’मध्ये ते पकडलं आणि पुलंनी ‘ती फुलराणी’त ते मराठीत आणताना मंजुळेच्या तोंडी जी भाषा घातली, तिला हसताना आपलंही बिंग फुटलं.

१९५६ हे वर्ष पाठ्यपुस्तकांत सुएझचं. मे महिन्यात रॉयल कोर्ट थिएटरला जॉन ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं, जुलैत नासरने कालवा ताब्यात घेतला. या दोन घटना एकमेकींना चिकटवून ‘संतप्त तरुणां’ची कथा रंगवण्याची प्रथा आहे. मला ऑस्बर्नचं पुढल्या वर्षीचं ‘द एंटरटेनर’ जास्त बोलकं वाटतं. आर्ची राइस हा मोडकळीला आलेल्या म्युझिक हॉलमधला थकलेला विदूषक. त्याचा विनोद कोणाला हसवत नाही. त्याच्या मागे शिरस्त्राण घातलेली आणि दुसरं काही न घातलेली ब्रिटानिया उभी. मुलगा सुएझला मेलेला. लॉरेन्स ऑलिव्हिये, ज्याने युद्धकाळात पाचवा हेन्री होऊन देशाला स्फुरण दिलं होतं, त्यानेच ही भूमिका मागून घेतली. १८७८ मध्ये ज्या हॉलने साम्राज्यासाठी बाह्या सरसावल्या, त्याच हॉलमध्ये आता रिकाम्या खुर्च्यांपुढे तो आब राखायची धडपड चालली होती.

त्यानंतरची दहाएक वर्षं मला सर्वांत आवडती आहेत. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केलं आणि त्याची फळं दिसायला लागली. सॅल्फर्डच्या शीला डिलेनीने एकोणीस वर्षांची असताना ‘अ टेस्ट ऑफ हनी’ लिहिलं. त्याच सॅल्फर्डवर बेतलेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० ला ग्रॅनडा टेलिव्हिजनवर सुरू झाली, तेरा भागांच्या बोलीवर. ती अजून चालू आहे. विटांची ओळीने चिकटलेली घरं, कोपऱ्यावरचा पब, जाळीची टोपी डोक्यावर ताणून सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी एना शार्पल्स. ज्या आर्ची स्ट्रीटवरून ही गल्ली बेतली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाडली गेली. झोपडपट्टी निर्मूलनात उत्तरेतल्या अशा शेकडो गल्ल्या गेल्या आणि माणसं उंच इमारतींत रवाना झाली. खऱ्या गल्ल्या जमीनदोस्त होत असताना खोटी गल्ली आठवड्यातून दोनदा घरात येत होती. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताना पाहणाऱ्या मुंबईकराला यावर वेगळी टीप नको.

करमणुकीचा गंभीरपणे अभ्यास करायचं धाडसही याच पिढीने केलं. ऑर्वेलने त्यापूर्वी मुलांची साप्ताहिकं आणि समुद्रकाठची चावट पोस्टकार्डं यांवर निबंध लिहिले होते. लीड्सच्या कामगार वस्तीत आजीकडे वाढलेल्या रिचर्ड हॉगार्टचं ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ १९५७ चं. त्याने १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात अभ्यासकेंद्र काढलं आणि पुढे ते जमैकातून आलेल्या स्टुअर्ट हॉलच्या हाती गेलं. हॉलचं म्हणणं थोडक्यात असं, की पाठवणारा एक अर्थ बांधून पाठवतो आणि घेणारा आपल्या परिस्थितीप्रमाणे तो सोडवतो. दोन्ही अर्थ जुळतीलच असं नाही.

हे समजायला आल्फ गार्नेटइतका चांगला धडा नाही. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही जॉनी स्पाइटची मालिका बीबीसीवर १९६५ ते १९७५ या काळात येत होती. आल्फ हा लंडनच्या ईस्ट एंडमधला, टोरी पक्षाचा भक्त, राणीचा भक्त, वेस्ट हॅमचा भक्त आणि काळ्या-सावळ्या माणसांचा द्वेष्टा. दिवसभर बायकोवर खेकसायचं आणि डाव्या जावयाशी भांडायचं. स्पाइट समाजवादी. त्याला या माणसाचं हसं करायचं होतं. भूमिका करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू आणि डाव्या विचारांचा. पण घराघरांतल्या सोफ्यांवर काही वेगळंच घडलं. कितीतरी लोक आल्फला नव्हे, आल्फबरोबर हसले. आपल्या मनातलं कोणीतरी एकदाचं बोललं म्हणून हसले. रस्त्यात भेटून मिचेलची पाठ थोपटायचे. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला परदेशी स्थलांतराविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पक्षनेत्याने त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, तर ईस्ट एंडचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ पार्लमेंटवर चालून गेले. आल्फच्याच वस्तीतली ही माणसं. मालिकेने त्यांना बिघडवलं असं मी म्हणत नाही, आणि सुधारलं असं म्हणायला तर काहीच आधार नाही. लेखकाचा हेतू शुद्ध असला की विनोद निर्मळ राहतो, या आपल्या समजुतीला मात्र तिथे तडा जातो.

इथेच सावधगिरीचा एक शब्द, माझ्याच धंद्याविरुद्ध. १९७७ म्हटलं की सगळ्यांना राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव आणि सेक्स पिस्टल्सची ती राष्ट्रगीताच्या नावाची रेकॉर्ड आठवते. बीबीसीने ती वाजवायला नकार दिला, तरी ती विक्रीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. थेम्सवर नौकेतून गाणं, पोलीस, अटका, सगळं झालं. आदल्या वर्षी सरकार नाणेनिधीच्या दारात कर्जासाठी उभं राहिलं होतं. सगळं कसं छान जुळतं. पण त्याच उन्हाळ्यात लाखो लोकांनी रस्त्यात टेबलं मांडून राणीच्या नावाने केक खाल्ले, आणि वर्षाअखेरीला पॉल मॅकार्टनीचं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं एक संथ गाणं आलं, त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. तोवर ब्रिटनमध्ये एवढी कुठलीच सिंगल रेकॉर्ड खपली नव्हती. तसंच साठच्या दशकाचं. बीटल्सच्या ऐन भरात १९६५, १९६६ आणि १९६८ या तिन्ही वर्षी सर्वाधिक खपाचा अल्बम होता ‘द साउंड ऑफ म्युझिक’. पुढच्या पिढ्यांना जे आठवावंसं वाटतं आणि त्या वेळी लोकांनी जे गुणगुणलं, यांतलं अंतर मोजलं नाही तर आपण फक्त आपल्या आवडीचा इतिहास लिहितो. मीही काही ठिकाणी तो लिहिला असेल.

तरी जुलै १९८१ बद्दल मला मोह आवरत नाही. हेडिंग्लेला फॉलोऑननंतर बोथमने नाबाद १४९ काढले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं, हे आपल्यातल्या क्रिकेटवेड्यांना तारखेनिशी पाठ. महिनाअखेरीला चार्ल्स-डायनाचं लग्न. त्याच महिन्यात लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथमध्ये आणि मँचेस्टरच्या मॉस साइडमध्ये दंगली पेटल्या होत्या, आणि विक्रीत पहिल्या क्रमांकावर होतं ‘द स्पेशल्स’चं ‘घोस्ट टाउन’. हा बँड कॉव्हेंट्रीचा, काळ्या-गोऱ्या पोरांचा मिळून. शहरातले मोटार कारखाने आटत चालले होते. शेजारच्या बर्मिंगहॅममधल्या दुसऱ्या मिश्र बँडने तर बेकारभत्त्याच्या फॉर्मचा नंबरच नाव म्हणून घेतला, यूबी फॉर्टी. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. त्या वर्षी अ‍ॅलन ब्लीझडेलच्या ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ या मालिकेतला लिव्हरपूलचा यॉसर ह्यूज दिसेल त्याच्याकडे काम मागत फिरला आणि हळूहळू वेडा झाला. पंतप्रधान थॅचर मात्र ‘यस मिनिस्टर’ या विनोदी मालिकेच्या चाहत्या. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी स्वतः त्यातल्या नटांबरोबर एक छोटा प्रवेश करून दाखवला. नोकरशाहीची ती टर त्यांना सोयीची होती. यॉसरबरोबर कोणा पंतप्रधानाने प्रवेश केला नसता.

आता ज्या माणसांवर आल्फ गार्नेट तोंड सोडत असे त्यांच्याकडे वळू. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने भर कार्यक्रमात, दारूच्या नशेत, पॉवेल यांची तळी उचलली. काळ्यांच्या ब्लूजवर मोठा झालेला आणि बॉब मार्लीचं गाणं गाऊन नाव कमावलेला माणूस! त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. १९७८ च्या एप्रिलमध्ये ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा व्हिक्टोरिया पार्कच्या जलशात पोचला. पण आशियाई माणूस अजून मंचावर नव्हता. तो विनोदात होता, आणि विनोदात तो दुकानदार होता. १९६० मध्ये पीटर सेलर्सने सोफिया लॉरेनबरोबर नकली हिंदी ढंगाच्या इंग्रजीत गायलेलं गाणं गाजलं, त्यातले तीन शब्द पुढे ब्रिटिश आशियाई कलावंतांनी उचलून आपल्या विनोदी मालिकेला दिले. ‘गुडनेस ग्रेशस मी’ १९९८ मध्ये बीबीसीच्या पडद्यावर आली. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. त्यातला एक प्रवेश असा, की मुंबईतली काही टारगट मंडळी शुक्रवारी रात्री दारू पिऊन ‘इंग्लिश खायला’ जातात, वेटरच्या नावाची वाट लावतात आणि त्यातल्या त्यात सर्वांत बेचव पदार्थ मागतात. करीच्या हॉटेलात असंच वागून आलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनीही पोट धरून हसून घेतलं. वीस वर्षांपूर्वी आल्फबरोबर हसणाऱ्यांपैकी त्यांत कितीजण होते, देव जाणे.

त्याच १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर एक गाणं पोचलं, ज्यात सांगलीच्या आशाबाईंचं नाव होतं. गाणाऱ्या बँडचं नाव ‘कॉर्नरशॉप’. आशियाई म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, या टोमण्याला दिलेलं उत्तर. ब्लेअर यांचं नवं सरकार तेव्हा ‘कूल ब्रिटानिया’च्या धुंदीत होतं आणि डाउनिंग स्ट्रीटवर रॉकस्टार वाइन पिऊन जात होते. त्या सरकारी पार्ट्यांपेक्षा या एका गाण्याने देश किती बदलला ते जास्त सांगितलं, असं माझं मत. यात मराठी पक्षपात असेल तर असो.

करमणूक काही घडवू शकते का, हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर हमखास विचारला जातो. १९६१ मध्ये लंडनला उपहासाचा क्लब काढणारा पीटर कुक खवचटपणे म्हणायचा, की हिटलरला रोखण्यासाठी ज्यांनी एवढं केलं त्या बर्लिनच्या कॅबरेंचा आदर्श आपल्यापुढे आहे. केन लोचचं ‘कॅथी कम होम’ हे टीव्ही-नाटक १६ नोव्हेंबर १९६६ ला बीबीसीवर दाखवलं गेलं, सुमारे सव्वा कोटी लोकांनी पाहिलं. घर गेलेल्या कॅथीकडून शेवटी तिची मुलं ओढून नेतात. देश हळहळला. ‘शेल्टर’ ही संस्था त्यातून जन्मली असं सांगतात, पण तिची तयारी आधीच चालली होती, नाटकामुळे तिला वारं मिळालं. बेघरांना घर देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकणारा कायदा १९७७ मध्ये झाला. अकरा वर्षांनी.

याच्या उलट टोकाला ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. होरायझन नावाच्या सदोष संगणकप्रणालीमुळे हिशेबात तूट दिसे आणि त्यावरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उप-टपालमास्तरांना चोर, अफरातफर करणारे ठरवण्यात आलं. काहींनी तुरुंग पाहिला, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. हे गुपित नव्हतं. ‘कॉम्प्युटर वीकली’ने २००९ मध्ये छापलं होतं, २०१९ मध्ये हायकोर्टाने प्रणालीचे दोष मान्य केले होते, सार्वजनिक चौकशी चालू होती. १ जानेवारी २०२४ पासून सलग चार रात्री आयटीव्हीवर ही मालिका दाखवली गेली आणि १० जानेवारीला पंतप्रधानांनी पार्लमेंटात शिक्षा रद्द करणाऱ्या कायद्याची घोषणा केली. मेमध्ये तो कायदा झाला.

त्या मालिकेत लढ्याचे पुढारी बेट्स आणि त्यांच्या गोऱ्या सोबत्यांबरोबर एक शीख जोडपं आहे. प्रत्यक्षातही या प्रकरणात भरडलेल्यांत आशियाई कुटुंबं पुष्कळ होती, कारण गावोगावची उप-टपाल कचेरी बहुधा किराणा दुकानाच्याच एका कोपऱ्यात असते आणि ती दुकानं एव्हाना त्यांची होती. ब्रिटिश पडद्यावर हे काउंटर पन्नास वर्षं विनोदाची जागा होतं. त्या चार रात्री त्याच काउंटरमागे ती बाई पुन्हा पुन्हा आकडे मोजत होती, आणि हिशेब जुळत नव्हता.